शीव बांधली, वाट राहिली

परवा माझा नातू ओसरीवर बसून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत होता. हल्ली त्याला विलायतेतल्या लढाईचं वेड लागलं आहे. कोणत्याशा समुद्रात कोणाच्या तरी आरमारानं कोणाची तरी नाकेबंदी केली आहे आणि तिकडच्या लोकांना पोटभर खायला मिळत नाही, अशी काहीतरी ती बातमी होती. मध्येच थांबून त्यानं विचारलं, नाकेबंदी म्हणजे नेमकं काय गं आजी? त्याचे आजोबा शाळामास्तर. ते असते तर त्यांनी शब्द फोडून दाखवला असता आणि वर दोन उदाहरणं वहीत उतरवून घ्यायला लावली असती. मला तेवढं येत नाही. मी लिहायला-वाचायला शिकले ती लग्नानंतर त्यांच्याकडूनच, आणि तेही चुलीपाशी राखेत अक्षरं काढून. पण नाकेबंदी मला चांगली ठाऊक आहे. मी तिच्या आत राहिले आहे आणि माझी माणसं बाहेर होती. नातवाला म्हटलं, बस, सांगते, तर तोवर स्वारी पुढच्या पानावरच्या विमानांकडे गेली होती. म्हणून हे कागदावर उतरवते आहे. ज्याला विमानांतून सवड होईल त्यानं वाचावं.

आमचं गाव चौक गावाच्या मोठ्या रस्त्यापासून कोसभर आत, नदीच्या अंगाला. कर्जतला आगगाडी येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि गावातल्या निम्म्या लोकांनी ती पाहिलेली नव्हती. आमचं घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं. चुलीची भिंत आणि गोठ्याची भिंत एकच होती, त्यामुळे आम्ही जेवायला बसलो की पलीकडून बैलांचं रवंथ ऐकू यायचं. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. लग्न होऊन मास्तरांच्या घरी आले तेव्हा पहिले कित्येक दिवस मला जेवताना चुकल्यासारखं व्हायचं, ते भिंतीपलीकडे कोणी नाही म्हणून, हे मला फार उशिरा कळलं.

बैल दोन होते, मोऱ्या आणि चांद्या. मोऱ्याच्या गळ्यातली घंटा जाड आवाजाची आणि चांद्याची बारीक. माझे वडील, त्यांना आम्ही बा म्हणायचो, शेतीची कामं आटोपली की गाडी जुंपून पनवेलला भात न्यायचे आणि येताना मीठ, सुकी मासळी आणायचे. परतीच्या दिवशी आय चुलीपुढे बसलेली असली तरी तिचे कान शिवेवर असायचे. आम्हाला काहीही ऐकू आलेलं नसताना ती मान वर न करता म्हणायची, "आले. पेज काढ." मी वाडग्यात पेज काढायची, वर मिठाचा खडा टाकायची, एखादा बोंबील निखाऱ्यावर टाकायची, आणि तो भाजून होईतो दोन्ही घंटा दारात येऊन थांबायच्या. आयचा अंदाज मी कधी चुकलेला पाहिला नव्हता. मी तेव्हा अकराएक वर्षांची, आणि माझा भाऊ बाळ्या चारचा.

त्या उन्हाळ्यात बुळकांडी आली. गुरांचा तो रोग. नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, मग हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. आमच्या शेजारची पारूकाकी भाजीची पाटी घेऊन माथेरानला चढायची, तिनं पहिली बातमी आणली की वरच्या वाटेवर दूधवाल्यांची गुरं पटापट पडताहेत. मग नदीच्या खालच्या अंगाला, मोहोपाड्याच्या बाजूला कोणाचा तरी गोठा रिकामा झाल्याचं कानावर आलं. बापदेवाच्या देवळापुढे गाव जमलं. पेरणीला महिना-दीड महिना राहिलेला. बैल गेले तर नांगर कोण ओढणार, आणि नांगर नाही तर भात कुठलं, हे तिथं कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटी बा बोलला. म्हणाला, शीव बांधा. बाहेरचं जनावर आत नको, आतलं बाहेर नको. बाहेर राहिलेल्याला पंधरा दिवस बाहेरच ठेवा, धड राहिलं तर आत घ्या. मग ते पाटलाचं असो का माझं.

पाटील उंच, हडकुळे, आणि बोलण्यात फार कंजूष. त्यांनी मान डोलावली म्हणजे ठराव झाला. गावाभोवती करवंदीच्या, बोरीच्या काट्यांच्या फांद्या रचायच्या ठरलं, आणि येत्या अमावास्येला शीव बंद. तेवढ्यात बानं पनवेलची एक खेप करून सगळ्या गावासाठी मीठ आणून ठेवावं, असंही ठरलं. लोक उठायला लागले तेव्हा कोणीतरी विचारलं की देवाच्या वळूचं काय.

बापदेवाला सोडलेला वळू होता. मोठा, काळसर, वशिंड एका बाजूला कललेलं. तो आसपासच्या सात-आठ गावांत मनाला येईल तसा हिंडायचा. कोणाच्या खळ्यात शिरून धान्यात तोंड घातलं तरी त्याला हाकलायचं नाही, उलट पायांवर पाणी घालायचं. आता त्याला काटे कसे लावणार? यावर शीव बांधण्यापेक्षा जास्त वेळ चर्चा झाली, आणि अखेर सगळ्यांच्या मनासारखं ठरलं. नदीच्या बाजूला, देवळाकडे येणाऱ्या वाटेवर, वळू जाईल एवढी फट ठेवायची. बाकीच्या गुरांना राखण, देवाला वाट मोकळी. आज हे लिहिताना मला हसू येतं. पण त्या दिवशी तिथं बसलेल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे गावानं बाला फार शहाणा ठरवलं. त्या दिवशी त्यानंही मान डोलावली होती. मी समोरच बसले होते.

बा पनवेलला गेला आणि इकडे रोगानं अमावास्येची वाट पाहिली नाही. नदीच्या खालच्या दोन गावांत गुरं बसली अशी खबर आली आणि पाटलांनी दोन दिवस आधीच काटे लावायला सांगितले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आय म्हणाली, "आले. पेज काढ." मी पेज काढली. बोंबील भाजला. दोन्ही घंटा मलाही स्पष्ट ऐकू येत होत्या. मग त्या थांबल्या. बोंबील काळा पडला तरी घंटा काही पुढे येईनात. आयनं हातातलं पीठ तसंच परातीत टाकलं, बाळ्याला काखेत मारलं आणि शिवेकडे धावत सुटली. मी तिच्यामागे.

काट्यांच्या पलीकडे बा गाडीपुढे उभा होता. अलीकडे पाटील आणि पाच-सहा माणसं. बैल घामानं न्हालेले, पाण्यासाठी माना ताणत होते. बा एकदा काट्यांकडे बघायचा, एकदा पाटलांकडे.

पाटील म्हणाले, "तूच बोलला होतास."

"हा," बा म्हणाला. "मीच बोललो होतो."

एवढंच. त्यानं बैल सोडले, नदीवर नेऊन पाणी पाजलं आणि शिवेबाहेरच्या जांभळीखाली बांधले. मिठाच्या गोणी एका खडकावर उतरवल्या. त्या संध्याकाळपर्यंत उन्हात पडू दिल्या आणि मग लोकांनी डोक्यावरून आत आणल्या. सगळ्या गावाच्या डाळीत त्या दिवशी बानं आणलेलं मीठ पडलं आणि बा बाहेर. आय घरी येऊन भाकरी अशी थापत होती की पारूकाकी दारात येऊन बघून गेली. तिचा राग पाटलांवर नव्हता. एवढा मोठा गाव बसला होता, तर यांनाच कशाला बोलायचं होतं, माझं असो म्हणून, असं ती परातीला सांगत होती.

मग आमचा नेम सुरू झाला. सकाळी पेज, दुपारी भाकरी आणि वालाचं बिरडं किंवा कच्च्या करवंदांची चटणी. बाहेर गेलेलं भांडं आत आणायचं नाही, म्हणून भाकरी पळसाच्या पानात बांधून खडकावर ठेवायची, आणि पेज काट्यांवरून त्याच्या मडक्यात ओतायची. आय ओतायची आणि मी मडक्याकडे बघून थांब म्हणायची. बा काट्यांपलीकडून राबाची चौकशी करायचा. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर पाला-शेण पसरून जाळतात तो राब, तो आमचा अजून भाजायचा राहिला होता. आय म्हणायची, भाजला शेजाऱ्यांनी, तुम्ही तुमच्या बैलांचं बघा. बाळ्याला वाटत होतं की बा तिथं खेळायला बसला आहे, आणि आपल्यालाही जाऊ देत नाहीत म्हणून तो रोज भोकाड पसरायचा. संध्याकाळी वारा नदीकडून आला की चुलीपाशी घंटा ऐकू यायच्या. रवंथ मात्र नाही. पाच दिवस बैल ठणठणीत होते आणि आय बोटांवर उरलेले दहा मोजत होती.

सहाव्या दिवशी सकाळी मी पेजेचं मडकं घेऊन पुढे आणि आय मागे अशा निघालो. विहिरीवरून परतताना ती तशीच आली होती, तिच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. शिवेशी पोचलो तर बा जांभळीखाली नव्हता. तो नदीच्या पात्रात उभा होता, दोन्ही हात पसरून, आणि त्याच्यासमोर देवाचा वळू. खालच्या गावांकडून, पात्रातूनच तो वर आला होता. डोळ्यांखाली काळे ओघळ. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. मान खाली घालून तो हळूहळू चालत होता, आणि चालत होता तो आपल्या नेहमीच्या वाटेनं, देवळाकडे. तिथं गावानं त्याच्यासाठी फट ठेवली होती आणि फटीच्या आत पन्नास पावलांवर गावाची सगळी गुरं चरायला निघाली होती.

बानं ओरडून माणसं बोलावली. माणसं आली, पाटीलही आले, आणि सगळी काट्यांच्या आत उभी राहिली. वळू आजारी आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण देवाला सोडलेल्या जनावराला दोर लावायचा म्हणजे काय, हेही प्रत्येकाला माहीत होतं. कोणी हात जोडले. एक म्हातारा म्हणाला, तो आपणहून आलाय, त्याच्या मनात असंल ते होईल. बा त्याच्या वाटेत आडवा होत होता आणि वळू त्याला छातीनं ढकलत एकेक पाऊल पुढे येत होता. मी पाटलांकडे पाहिलं. त्यांचे पाय हलत नव्हते.

आयनं माझ्या हातातलं मडकं घेतलं आणि सरळ त्या फटीतून बाहेर गेली. जाताना म्हणाली, कोणा एकाला नव्हे, सगळ्यांनाच, पण आवाज न चढवता, "देवाचा हाय, तर देवाच्याच गुरांना मारायला सोडू का त्याला?"

तिनं मडकं वळूच्या नाकाखाली धरलं. तापानं फणफणलेलं जनावर ते, पेज निवलेली. त्यानं तोंड घातलं. आय मडकं धरून एक पाऊल मागे सरली, तोही सरला. ती जांभळीला वळसा घालून पार पलीकडच्या आंब्याकडे मागे मागे चालत राहिली आणि तो मुलासारखा तिच्या मागे गेला. मी पहाटे रांधलेली ती पेज. त्यात मीठ जास्त पडलं होतं आणि त्यावरून मी वाटेत बोलणीही खाल्ली होती. पेज संपत आली तेव्हा बानं तिच्या खांद्यावरचा दोर काढला, वळूच्या शिंगांना टाकला आणि आंब्याच्या बुंध्याला तीन वेढे दिले. मग त्यानं वळूच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला.

आत गलका झाला. वाटोळं होईल, पाऊस येणार नाही, असं बरंच काही. पाटील वाकले, बाजूच्या ढिगातली करवंदीची एक मोठी फांदी त्यांनी नुसत्या हातांनी उचलली आणि फटीत ठेवली. मग दुसरी. "दोष लागला तर मला लागंल," ते म्हणाले. तळहातांतून रक्त येत होतं. तिसऱ्या फांदीला आणखी दोन माणसांनी हात लावला.

फट बुजली तेव्हा आयच्या लक्षात आलं की आपण बाहेर आहोत. माझ्याही तेव्हाच आलं. ती काट्यांपाशी आली. मला वाटलं होतं आता ती रडेल, निदान मी तरी रडेन. ती म्हणाली, "भाकरी जाड झाली तरी चालंल, कच्ची ठेवू नको. आनि बाळ्याला चुलीजवळ येऊ देऊ नको."

त्यानंतरचा महिना मी घर चालवलं. ऐकायला मोठं वाटतं, पण त्यातला बराचसा भाग धुराचा होता. पहिल्या दिवशीच्या भाकरीचे मी तुकडे केले नाहीत, ते आपोआप झाले. दोन दिवस आमच्या दारात कोणी फिरकलं नाही. देवाला बांधणाऱ्यांचं घर ते. तिसऱ्या दिवशी पारूकाकी भाजीची पाटी घेऊन जाता जाता थांबली, माझ्या परातीत डोकावली आणि म्हणाली, "पानी उकळून घ्यावं लागतं गं पोरी, थंड पान्यात कोन पीठ मळतो." तेवढ्यानं भाकरी जमायला लागली. मग रोज कोणीतरी दारात काहीतरी ठेवून जायचं, कधी वाल, कधी अंबाडीची जुडी, आणि न बोलता जायचं. मी माझी भाकरी पानात बांधून खडकावर ठेवायची आणि आय ती खाऊन पलीकडून निकाल द्यायची. उद्या जरा पातळ कर. आज बरी झाली. ज्या दिवशी ती काहीच बोलली नाही आणि दोन खाल्ल्या, तो दिवस मला अजून आठवतो.

आय कडुनिंबाच्या पाण्यानं वळूचे डोळे पुसायची, त्याला पेज पाजायची. बानं बैल लांब नेऊन बांधले होते, पण दोघांचे हात तेच आणि कपडे तेच. वळू बांधल्यापासून आठव्या दिवशी चांद्यानं वैरण टाकली. मध्ये आडवा पडलेला वळू उठून उभा राहायला लागला आणि चांद्या बसला, तो बसलाच. मी काट्यांतून त्याला हाका मारायची तर तो कान हलवायचा. एका सकाळी बानं नुसती मान हलवली आणि मी समजले. त्यानं एकट्यानं नदीकाठी खड्डा खणला. मी दिवसभर चूल पेटवली नाही. मला वळूचा राग आला, देवाचा आला, पाटलांचा आला, आणि खरं सांगायचं तर आयचाही आला. तिनं मडकं पुढे केलं नसतं तर माझा चांद्या जगला असता, असं मला वाटत होतं. संध्याकाळी गावाची गुरं परत आली, एकूण एक, घंटा वाजवत, धुरळा उडवत, आणि मी दारात उभी राहून ती मोजली. एकही कमी नव्हतं. खालच्या गावांतून त्याच दिवसांत रडारड ऐकू येत होती. राग लगेच गेला असं मी लिहिणार नाही. पण मोजून झाल्यावर मी आत गेले आणि चूल पेटवली.

नातवानं कधी हे वाचलंच तर त्याच्यासाठी एवढंच. नाकेबंदी बाहेरच्यांना अडवते असं आत बसलेल्यांना वाटत असतं. आमच्या गावाची राखण त्या काट्यांनी निम्मीच केली. उरलेली निम्मी काट्यांच्या बाहेर ठेवलेल्या दोन माणसांनी केली, आणि त्यांना आत यायची बंदी होती.

चांद्यानंतर पुन्हा पंधरा दिवस मोजले. मोऱ्याला काही झालं नाही, वळूही दोर सोडल्यावर आपल्या रस्त्यानं निघून गेला. पाटलांनी स्वतः काटे काढले. आय आत आली ती आधी चुलीपाशी गेली, पीठ पाहिलं, बाळ्याचे हातपाय पाहिले कुठे भाजला आहे का, आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून जरा वेळ तशीच उभी राहिली. बा मोऱ्याला घेऊन मागून आला. एकच घंटा. त्या रात्री भिंतीपलीकडचं रवंथही एकाचंच होतं आणि बा जेवताना मध्येच थांबत होता. एका बैलावर नांगर चालत नाही, आणि मृग आठ दिवसांवर आला होता.

आमच्याकडे सावड असते. ज्याच्याजवळ एकच बैल तो तशाच दुसऱ्याला गाठतो, दोघांचे बैल एका जुवाला जुंपतात, एक दिवस याचं शेत, एक दिवस त्याचं. पण त्या वर्षी आमच्या गावात एकच बैल असलेलं दुसरं घर नव्हतं. चांद्याच्या कृपेनं सगळ्यांच्या जोड्या शाबूत होत्या. बा शेजारच्या गावी विचारायला निघायच्या बेतात होता तेव्हा पाटील अंगणात आले. त्यांच्या हातात त्यांच्या सर्वांत चांगल्या पांढऱ्या बैलाची वेसण. पाटलांच्या गोठ्यात चार जोड्या, त्यांना सावड कशाला लागते? त्यांच्या तळहातांवरच्या खुणा अजून काळ्या होत्या.

"सावड करू," ते म्हणाले. "एक दिस तुजं, एक दिस माजं."

पाटलांनी आयकडे वळून विचारलं, चांद्याची घंटा ठेवली आहे का. आय आत गेली, फडताळातून ती घंटा आणली, पदरानं पुसली आणि स्वतःच्या हातानं पांढऱ्याच्या गळ्यात बांधली.

पेरणीच्या दिवशी मी चुलीपुढे होते आणि आय भाकरी थापत होती. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग आलं, आधी जाड, पाठोपाठ बारीक, दोन्ही एका चालीत. आयनं मान वर केली नाही.

"आले," ती म्हणाली. "पेज काढ. पाटलांनापन."